पदराची उलटी बाजू

फॅशन इंडस्ट्रीत नोकरी म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? रॅम्प, फ्लॅशचा लखलखाट आणि शोच्या शेवटी लाजत लाजत हात जोडून बाहेर येणारा डिझायनर. कोपरगावचा एसटी स्टँड तर नक्कीच येत नाही! पण मंडळी, गेल्या वीकएण्डला मी चक्क तिथे उतरले, आणि तेही याच विषयासाठी.

नगर-मनमाड रस्त्यावरचं हे गाव आपण सगळ्यांनी बसच्या खिडकीतून पाहिलेलं असतं. शिर्डी पंधराएक किलोमीटरवर, त्यामुळे इथे थांबतो कोण? गोदावरी, उसाचे ट्रॅक्टर, साखर कारखाने. नदीकाठी राघोबादादांचा वाडा आहे. पेशवाईच्या टॉप पोस्टसाठी आयुष्यभर खटपट केलेला हा माणूस १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर पेन्शन घेऊन इथे आला आणि १७८३ मध्ये इथेच वारला. करिअरच्या बाबतीत गावाचा इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही म्हणायचा.

माझी मावसबहीण इथली. नाशिकला फॅशन डिझाइनचा डिप्लोमा करून परत आलेली. सहा महिन्यांत तिने सदतीस मेल पाठवले आणि उत्तरं आली दोन. एक अंधेरीच्या एका डिझायनर स्टुडिओकडून: सहा महिने इंटर्नशिप, पगार शून्य, ‘एक्स्पोजर’ भरपूर. दुसरं एका एक्स्पोर्ट हाऊसकडून: ज्युनिअर मर्चंडायझरच्या इंटरव्ह्यूचा कॉल. बाईसाहेबांना अर्थातच अंधेरी हवी होती. मावशीचं म्हणणं तिसरंच. ‘‘लग्नसराईत आरी वर्कच्या ब्लाउजना नंबर लागतात हिच्याकडे. ते सोडून मुंबईत फुकट राबायला जायचं?’’

मी पोर्टफोलिओ बघायला मागितला. बारा पानं. प्रत्येक पानावर नऊ डोक्यांएवढी उंच, पाय संपतच नाहीत अशी बाई आणि तिच्या अंगावर गाऊन. आता कोपरगावात गाऊन म्हणजे काय, हे मी सांगायला नको! चित्रं वाईट नव्हती. पण मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही मुलीच्या फाइलमध्ये हीच बारा पानं सापडली असती. एक्स्पोर्ट हाऊसच्या माणसाने ती का उघडावी?

दुसऱ्या दिवशी आम्ही येवल्याला गेलो. जिल्हा बदलतो, पण बसने अर्धा-पाऊण तास. पैठणी आपण लग्नात बघतो, काचेच्या शोरूममध्ये बघतो. मागावरची पैठणी ही वेगळीच गोष्ट आहे. काका मोराच्या मानेपाशी पोचले होते. प्रत्येक रंगाच्या धाग्याची छोटी कांडी वेगळी. ताण्याचे धागे मोजायचे, तेवढ्यातूनच रंग फिरवायचा, शेजारच्या रंगात अडकवायचा, पुढची कांडी उचलायची. साध्या काठापदराच्या साडीला महिना, भरजरी असेल तर कित्येक महिने. रेशीम बंगळुरूचं, जर सुरतेची, मोर मात्र येवल्याचा. २०१० मध्ये पैठणीला जीआय मानांकन मिळालं, तरी मशीनवरच्या नकला बाजारात आहेतच.

‘‘ओळखायची कशी?’’ मी विचारलं. उत्तर काकांच्या आधी बहिणीने दिलं. पदर उलटा करायचा. हाताने विणलेला मोर मागूनही मोरच दिसतो. मशीनचा असेल तर मागे धाग्यांचं जंजाळ. मग ती ब्लाउजपीसवर सुरू झाली: काठ कुठे कापला तर वाया जात नाही, जरीवर सुई कुठे अडते, वगैरे वगैरे. दहा मिनिटं नॉनस्टॉप! मी मनात म्हटलं, यातलं पोर्टफोलिओत एक अक्षरही नाही.

निफ्ट म्हणजे या क्षेत्रातली पंढरी. १९८६ मध्ये दिल्लीत सुरू झाली, १९९५ मध्ये मुंबईत आली, आता कॅम्पस खारघरला. तिथल्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना कारागिरांच्या गावी पाठवणारा ‘क्राफ्ट क्लस्टर’ नावाचा भागच आहे. तिथल्या मुलांना कॅम्पस प्लेसमेंट असतं. आमच्या बहिणीला नाही. पण क्लस्टर तिच्या घरापासून तासाभराच्या आत आहे, आणि तिने तो सीव्हीत लिहिलाच नव्हता. का? ‘‘ते काय, ते तर आपलं नेहमीचंच ना ताई!’’

आणि मर्चंडायझर म्हणजे कारकुनी, हा तिचा दुसरा गैरसमज. बायरकडून टेक पॅक येतो, त्याप्रमाणे कापड, बटणं, चेन मागवायची, कॉस्टिंग काढायचं, सॅम्पल मंजूर करून घ्यायचं, तारखा सांभाळायच्या. शिपमेंट चुकली की शिव्या हिलाच. ग्लॅमर नाही, पण कापड ओळखणाऱ्या मुलीला पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो. फुकटच्या इंटर्नशिपबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्या घरचे मुंबईचं भाडं भरू शकतात त्यालाच ती परवडते, बाकीच्यांना चाळून बाहेर टाकण्याची ती सोय आहे.

बहिणीला मी भानू अथय्यांचं उदाहरण दिलं. कोल्हापूरची मुलगी, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेली. ‘ईव्ह्ज वीकली’सारख्या मासिकांमध्ये फॅशनची चित्रं काढत होती. पुढे त्याच संपादकांनी बुटीक काढलं आणि कपडेही कर म्हणाल्या. तिथे नट्या यायला लागल्या, त्यातून सिनेमा आणि १९८३ मध्ये ‘गांधी’साठी ऑस्कर. म्हणजे ऑस्करच्या आधीची नोकरी मासिकातली होती. ‘‘त्यांना चित्रांचे पैसे तरी मिळत होते ना?’’ बहीण म्हणाली. बरोबर मुद्दा पकडला होता तिने!

रविवारी रात्री डायनिंग टेबलवर नवा पोर्टफोलिओ तयार झाला. चार गाऊन ठेवले, आठ काढले. त्यांच्या जागी पदराची उलटी आणि सुलटी बाजू शेजारीशेजारी, काठ वाचवणारा कटिंगचा नकाशा, आरी वर्कचे तीन ब्लाउज, प्रत्येकाखाली लागलेले तास, कापड आणि खर्च. हिशेब मावशीच्या वहीतून उतरवला. अंधेरीला दोन ओळींचा मेल गेला: स्टायपेंड किती देता? अजून उत्तर नाही.

इंटरव्ह्यू गुरुवारी आहे. ब्लाउजच्या सहा ऑर्डर बाकी आहेत, त्या बुधवारपर्यंत पुऱ्या झाल्या तरच निघायचं, असं मावशीने बजावलंय. काल फोन केला तेव्हा मागे मशीनचा आवाज येत होता.