इंदूरचं खत

जळगाव

चि. मुक्ता,


तुझ्या भाजीच्या वाफ्यांचे फोटो पाहिले. शेजारच्या आजोबांनी तुला कंपोस्ट करायला शिकवलं, थर लावून ढीग उलथायला सांगितलं, आणि ही इथली जुनी पद्धत असंही म्हणाले. ते वाचून लगेच लिहायला बसले. कंपोस्ट हा शब्द त्यांच्याकडे, इंग्लंडात, जुनाच, ‘हॅम्लेट’मध्येसुद्धा येतो. पण ही रीत बरीचशी इंदूरहून तिकडे गेली आहे.

अल्बर्ट हॉवर्ड 1905 मध्ये बिहारातल्या पुसाला सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. 1924 मध्ये होळकरांच्या इंदुरात त्यांची संशोधन संस्था उभी राहिली. भोवती कापसाची काळी जमीन, आपल्या खानदेशासारखीच. शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जायच्या, शेताच्या वाट्याला थोडंच उरायचं. मग खत करायचं कशाचं? हॉवर्डनी हाताशी होतं तेच घेतलं. कापसाच्या पऱ्हाट्या रस्त्यावर पसरायच्या. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांखाली त्यांचा आपोआप चुरा होतो. ही युक्ती मला फार आवडते. तो चुरा आणि पालापाचोळा गुरांखाली अंथरायचा. मग त्यात गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, थोडं शेण आणि राख मिसळून उथळ खड्ड्यात भरायचं, वर जुन्या खड्ड्यातलं खत विरजणासारखं लावायचं. तीनदा उलथलं की सुमारे 3 महिन्यांत खत तयार. शेतकऱ्याला विकत काही आणावं लागत नाही.

आपण इथल्या शेतकऱ्यांनाच गुरू मानलं, असं हॉवर्ड मोकळेपणाने सांगत. या पद्धतीवरचं पुस्तक 1931 मध्ये निघालं. त्यावर त्यांच्याबरोबर यशवंत वाड यांचंही नाव आहे. त्याच वर्षी हॉवर्ड मायदेशी परतले, पुढे 1940 मध्ये त्यांचं ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ आलं आणि तिकडच्या सेंद्रिय शेतीच्या चळवळीला मोठं बळ मिळालं. वाडांचं नाव मात्र फारसं कोणी घेत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्या आजोबांना ते जरूर सांग.

ढीग तापत नाही म्हणतेस, तर ओलं गवत दडपून भरलं गेलं असेल. हवा खेळली पाहिजे. सगळा उलथ, मधे वाळक्या काटक्या, पानं घाल. तुमच्याकडे पाऊस फार, तेव्हा वरून झाकून ठेव आणि खड्डा मुळीच खणू नकोस. इंदुरातही पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचायचं, म्हणून ढीग जमिनीवरच रचत.

तुझी,
आत्या