वेचणीच्या दिवसांतली हजेरी

दिवाळी सरली की राळेगावकडे कापसाची वेचणी जोरात येते आणि आमच्या वर्गातले बाक रिकामे होत. आठवड्याने परतलेल्या पोराला गुरुजी विचारीत, "कुठे होतास?"

"ताप होता, गुरुजी."

बोटांवर बोंडांचे ओरखडे असत, आणि मागे फळ्यावर सुविचार : 'नेहमी खरे बोलावे'. खरे बोलले तर छडी! पोराने करावे काय?

पुढे २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला, छडीही बंद केली. चांगलेच झाले. पण वेचणीची मजुरी किलोवर. आईच्या जोडीला दोन लहान हात लागतातच.

आमच्या एक बाई मात्र कारण पुसतच नसत. "किती किलो वेचलास रे?" म्हणत आणि त्याच मजुरीचे गणित फळ्यावर घालीत. त्यांना पोरे खरा आकडा सांगत.