सिड बॅरेट आणि हललेली सम

पिंक फ्लॉइड म्हटलं की आपल्याला 'डार्क साइड ऑफ द मून' नाहीतर 'द वॉल' आठवतो. पण ज्याने या बँडला नाव दिलं, १९६७ च्या पहिल्या अल्बममधली अकरापैकी आठ गाणी एकट्याने लिहिली, तो सिड बॅरेट १९६८ मध्येच बाहेर पडला होता. 'बाहेर पडला' आपलं म्हणायचं... जानेवारीत एका कार्यक्रमाला निघताना बाकीच्यांनी त्याला घ्यायला जायचंच टाळलं! कारण एलएसडी, मानसिक आजार की दोन्ही, हा वाद अजून मिटलेला नाही.

'द मॅडकॅप लाफ्स' हा त्याचा पहिला एकट्याचा अल्बम, जानेवारी १९७० चा. रेकॉर्डिंग मे १९६८ ला सुरू झालं आणि वर्षभर रखडलं. आधी पीटर जेनर, मग माल्कम जोन्स आणि शेवटी काम पुरं करायला आले कोण? तर डेव्हिड गिल्मर आणि रॉजर वॉटर्स. म्हणजे एक सिडच्या जागी आलेला, आणि दुसरा त्याला न घेता निघालेल्यांपैकी!

गंमत म्हणजे इथे काही गाण्यांत सगळं उलटं झालंय. सिडचं गिटार आणि आवाज आधी, बाकीची वाद्यं नंतर. आपल्याकडे गायक समेवर येणार या भरवशावर तबलजी ठेका धरतो. इथे समच हलते. 'नो गुड ट्राइंग'मध्ये सॉफ्ट मशीनचे वादक त्याच्या मागे धावताना चक्क ऐकू येतात. त्यांच्यातला रॉबर्ट वायट सांगतो, गाणं कुठल्या पट्टीत आहे विचारलं की सिड नुसतं 'हो' म्हणायचा.

इथपर्यंत हसू येतं. पण 'इफ इट्स इन यू' ऐका. सूर फसतो, तो थांबतो, काहीतरी बोलतो, परत सुरू करतो. हे सगळं अल्बममध्ये तसंच ठेवलंय. माल्कम जोन्सला ते अजिबात रुचलं नव्हतं.

लोक याला 'प्रामाणिक' रेकॉर्डिंग म्हणतात. मला नाही पटत. आपण डेमोला चालणारी बिल्ड दाखवतो, क्रॅशचे लॉग नाही. आणि हा तर जिताजागता माणूस. पट्टी विचारल्यावर 'हो' म्हणणाऱ्याने याला 'हो' म्हटलं असलं, तरी त्या होकाराला किती अर्थ? गिल्मर-वॉटर्स नसते तर अल्बम कदाचित पुराच झाला नसता, हे मान्य. पण मदत करणाऱ्यालाही एक दार हळूच लोटून घेता आलं पाहिजे.

आणि सिड उघडा पडायला त्या फसलेल्या सुरांची गरजच नव्हती. 'डार्क ग्लोब'मध्ये फक्त एक गिटार आणि फाटत जाणारा आवाज आहे. तिथे तो स्वतःहून सगळं सांगतो, गाणं पुरं करून!

नोव्हेंबर १९७० मध्ये दुसरा अल्बम आला, मग एकही नाही. तो केंब्रिजला परतला, चित्रं काढली, बाग केली. जुलै २००६ मध्ये, साठाव्या वर्षी गेला.

असो. हेडफोन लावा आणि 'डार्क ग्लोब'पासून सुरुवात करा.