खुनी कोण?

मालिका बंद पडली म्हणून हळहळणाऱ्या माणसांची मी एके काळी थट्टा करीत असे. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला तेवढी मिजास असतेच! आमची कथा सांगून झाली म्हणजे संपते. मालिकेची पुष्कळदा संपते ती पाहणारे डोळे कमी झाले म्हणजे. दर आठवड्याला त्या डोळ्यांची मोजदाद होते. आकडा फार घसरला, की आठ-पंधरा दिवसांत कारस्थानी जावेला पश्चात्ताप होतो, हरवलेला मुलगा सापडतो आणि सारे कुटुंब देवघरासमोर हात जोडून उभे राहते. याला का शेवट म्हणायचे?

पण 2018 साली ‘सी. आय. डी.’ बंद झाली आणि माझी मिजास उतरली.

1998 च्या जानेवारीत सुरू झालेली ती मालिका. शिवाजी साटमांचे प्रद्युम्न हवेत बोटे फिरवीत विचारात पडायचे, दया दार मोडायचा आणि खुनी सापडायचा. कथा अर्धवट राहण्याची तिथे भीतीच नव्हती. मग रुखरुख कशाची, असे तुम्ही विचाराल.

त्याचे असे झाले. गावाकडची जमीन विकण्यावरून माझे आणि अण्णांचे बिनसले होते. राहत होतो एकाच घरात. पण बोलायचे ते सौभाग्यवतीच्या मार्फत. शनिवारी रात्री मालिका सुरू झाली, की मात्र अण्णा पडद्यावरची नजर न काढता विचारीत,

“कोण असेल रे?”

“पुतण्या.”

“छट्! तो माळी बघ.”

आणि बहुधा माळीच निघे! पुतण्या, माळी, दिवाणजी यांच्यावर संशय घेता घेता आम्ही एकमेकांवरचा संशय तेवढा वेळ विसरत असू.

27 ऑक्टोबरला 1547 वा भाग झाला आणि मालिका थांबली. पुढच्या शनिवारी अण्णा नेहमीच्या वेळी खुर्चीत येऊन बसले. मीही बसलो. लक्ष्मीपूजन चार दिवसांवर आले होते; स्वयंपाकघरातून चकल्या तळल्याचा वास येत होता. पडद्यावर भलतेच काही चालले होते. मी तो बंद केला. आता कोणाविषयी बोलायचे?

बऱ्याच वेळाने अण्णा खाकरले.

“जमिनीचं काय म्हणत होतास तू?”

त्या रात्री बारापर्यंत आम्ही कडाकडा भांडलो. पण अण्णा माझ्याशी भांडत होते, माझ्याकडे पाहून! दोनदा तर त्यांनी चकलीची बशीही माझ्याकडे सरकवली.

जमीन आम्ही विकली नाही. 2024 च्या मार्चमध्ये ‘चला हवा येऊ द्या’ साडेनऊ वर्षांनी थांबले, तेव्हा शेजारच्या काकू फार हळहळल्या. मी हसलो नाही. “कोणाबरोबर पाहत होता?” एवढेच विचारले. काकूंचे डोळे भरून आले.

त्याच वर्षी डिसेंबरात ‘सी. आय. डी.’ पुन्हा सुरू झाली. अण्णांना तोवर ऐकू कमी येऊ लागले होते. पडद्यावरचे बोलणे मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगायचो.

“कोण असेल रे?” ते विचारीत.

खुनी मला बहुधा ओळखू आलेला असे. पण मी मुद्दाम दुसऱ्याच कोणाचे तरी नाव घ्यायचो.

“छट्!” अण्णा म्हणायचे, आणि खुर्ची थोडी माझ्याकडे ओढून घ्यायचे.