दोन दिवसांची सावड

आबा मला कायम 'मास्तर' म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. मी त्यांच्या नातवाच्या वयाचा होतो, तरीही. फक्त एकदा ते कुंपणापलीकडून ओरडले, "ए पोरा, हात काढ! तोंड बाजूला घे!" 2016 च्या मे महिन्यातला तो शनिवार होता. त्या ओरडण्यामुळे माझं तोंड जागेवर राहिलं, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

तेव्हा आम्ही कामशेतला, नाणे मावळाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत भाड्यानं राहत होतो. मी तळेगावात शिकवत होतो. घरात आई आणि मी. आईच्या कमरेचा मणका सरकलेला, दर पंधरा दिवसांनी तिला तळेगावला दवाखान्यात न्यावं लागायचं. आमच्या जुन्या स्विफ्टचे चारही शॉकअप गळायला लागले होते. एका खड्ड्यातून गेली की गाडी तीन-तीनदा डुलायची आणि प्रत्येक डुलण्याला आई डोळे मिटून घ्यायची. शॉकअप बदलायचे हे ठरलंच होतं. पण मला घाटरस्त्यांवर गाडी चालवण्याची फार आवड. खंडाळ्याच्या वळणांवर गाडी एका बाजूला कलू नये, रस्त्याला धरून राहावी, अशी फार दिवसांची इच्छा होती. मुंबईच्या एका मुलानं आपली गाडी विकली आणि तिला बसवलेला कॉइलओव्हरचा संच वेगळा विकायला काढला. नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळाला म्हणून मी घेतला. खोक्यात माहितीपत्रक नव्हतं.

ज्यांना ही वस्तू ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडीचं ओझं स्प्रिंग पेलते. स्प्रिंग एकदा दबली की उसळते, मग पुन्हा दबते. ती उसळी तेलाच्या नळकांड्यात जिरवायची, हे शॉकअपचं काम. कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग त्या नळकांड्याभोवतीच बसवलेली असते आणि नळकांड्याला बाहेरून आटे पाडलेले असतात. आट्यांवर दोन कड्या फिरतात. एक स्प्रिंगेला खालून टेका देते, दुसरी पहिलीला जाम करते. कड्या वर-खाली केल्या की गाडीची उंची बदलते. वर एक बारीक बटण असतं, ते टिकटिक फिरवलं की शॉकअप मऊ किंवा कडक होतो. स्विफ्टला मागच्या बाजूला मात्र स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो, त्यामुळे मागचा अर्धा संच नावापुरताच कॉइलओव्हर होता.

माझ्याकडे डिकीतला कंपनीचा जॅक, पान्यांची एक पेटी आणि दुकानातून आणलेला स्वस्तातला स्प्रिंग कॉम्प्रेसर एवढंच होतं. पुढचा डावा शॉकअप मी सकाळी खोलून काढला. नव्या संचाला वरचा माउंट नव्हता, तो जुन्याचाच काढून लावायचा होता. इथंच सगळा धोका असतो. माउंट ज्या मधल्या नटानं धरलेला असतो, तोच नट दबलेल्या स्प्रिंगेलाही धरून असतो. स्विफ्टसारख्या गाडीच्या एकेका पुढच्या चाकावर अडीच-तीनशे किलो ओझं येतं आणि ते पेलायची ताकद त्या स्प्रिंगेत असते. कॉम्प्रेसरचे दोन आकडे स्प्रिंगेला समोरासमोर लावून, एक इकडून एक तिकडून थोडं थोडं आवळत ती दाबायची असते. माझे दोन्ही आकडे आवळता आवळता घसरून एकाच बाजूला आले होते. स्प्रिंग धनुष्यासारखी वाकली होती. मी वरून वाकून मधल्या नटाला पाना लावला होता.

आबा ओरडले ते तेव्हा. कुंपणातून वाकून आत आले, माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि स्प्रिंगेकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मग गोणपाट मागितलं. गोणपाटात सगळं गुंडाळून सुतळीनं बांधलं आणि आकडे एकेक फेरा सैल करत स्प्रिंग मोकळी केली. हे होईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मोकळी झाल्यावर म्हणाले, "मास्तर, दाबलेली स्प्रिंग म्हणजे दावणीला बांधलेला खोंड. त्याच्या म्होरं कधी उभं ऱ्हायचं न्हाय. बाजूनं काम करायचं."

तोवर मला आबा शेजारचे शेतकरी म्हणूनच माहीत होते. त्या दिवशी कळलं की ते रेल्वेत कॅरेज फिटर होते. पुण्याच्या घोरपडी यार्डात डब्यांच्या खाली आयुष्य गेलं. लोणावळा-पुणे लोकल 1978 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत कामशेतहून तिनंच जाणं-येणं केलं. रजा टाकायचे ती भाताच्या आवणीला आणि कापणीला. माझ्या संचातला एक शॉकअप त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला, दांडा दाबला, सोडला, तो किती वेळात वर येतो ते पाहिलं, आणि हसले. "हे तर आमच्या डब्याखालचंच हाय की."

खरंच होतं. मद्रासमधल्या पेरांबूरच्या कारखान्यातून 1955 पासून जे निळे, तांबडे डबे देशभर धावले, त्यांच्या चाकांशी हीच रचना असते. आसाच्या प्रत्येक टोकाच्या डबीवर दोन बाजूंना दोन स्प्रिंगा आणि प्रत्येक स्प्रिंगेच्या पोटात तेलाचा डॅशपॉट. डेक्कन क्वीनसुद्धा 2022 च्या जूनमध्ये नवे डबे लागेपर्यंत त्याच जातीच्या डब्यांवर बोरघाट चढत-उतरत होती. त्या घाटात दर 37 फुटांना एक फूट चढ आहे. कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात, मगच गाडी वर येते. आबा म्हणायचे, डॅशपॉटातलं तेल कमी झालेला डबा त्यांना फलाटावर उभं राहून नुसत्या चालीवरून ओळखू यायचा.

बाकीचं काम त्यांनी मला करायला लावलं. स्वतः पाना धरला नाही. बादली उलटी घालून तिच्यावर बसले. पहिलं काम म्हणजे जॅक. जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं आणि घरून दोन लोखंडी घोड्या आणून स्वतः लावल्या. मग ब्रेकची नळी. शॉकअप काढला की ब्रेकचा कॅलिपर खाली झुकतो आणि सगळं वजन रबरी नळीवर येतं. "नळीला ओझं लटकवू नका," म्हणून तारेनं वर बांधून घेतला. कड्यांचे आटे रॉकेलनं धुवायला लावले, कारण आधीच्या गाडीवरची माती त्यात दगडासारखी बसली होती. धुतल्यावर ग्रीस. लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्याकडे त्याहून कमी, पण चार महिने रस्त्यावरचा चिखल उडतो तो नेमका तिथंच. "पाऊस सरला की दरसाल धुवा, न्हायतर कडी आट्यावर गंजून बसंल, मग छिन्नीशिवाय निघायची न्हाय."

सगळ्यात जास्त वेळ गेला तो उंचीत. संच ज्या गाडीवरून आला होता ती रस्त्याला टेकेल इतकी खाली बसवलेली होती. मलाही गाडी थोडी खाली हवी होती, हे कबूल करतो. काम सुरू करण्याआधी मी टेपनं चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डाच्या कडेपर्यंतचं माप घेतलं होतं आणि पडवीच्या भिंतीवर खडूनं चार आकडे लिहिले होते. रविवारी दुपारी चाकं बसवून गाडी खाली घेतली तर ती भिंतीवरच्या आकड्यांपेक्षा तीस मिलिमीटर खाली. मी म्हणालो, असू द्या, छान दिसतेय. आबांनी आईला पडवीत बोलावलं. "बाई, जरा बसून बघा." आई मागच्या सीटवर बसायला गेली तर तिला कमरेतून जास्त वाकावं लागलं. ती काही बोलली नाही, पण चेहऱ्यावर दिसलं. मग आबा म्हणाले की सरकारी पुस्तकात गाडी जशी नोंदली तशीच ती ऱ्हायला हवी, आणि पुढचे अडीच तास आम्ही कड्या फिरवत होतो. एक फेरा फिरवायचा, गाडी खाली घ्यायची, चार पावलं ढकलून स्प्रिंगा बसू द्यायच्या, माप घ्यायचं, पुन्हा वर. चारही आकडे जुळले तेव्हा दिवेलागण झाली होती.

मागच्या शॉकअपचे खालचे बोल्ट त्यांनी शेवटपर्यंत पक्के आवळू दिले नव्हते. गाडी चाकांवर उभी राहिल्यावर, तिच्या स्वतःच्या वजनाखाली असताना ते आवळायला लावले. चाकं लोंबत असताना आवळले तर आतलं रबरी बुश पिळलेल्या अवस्थेतच अडकतं आणि वर्षाच्या आत फाटतं. हे मी नंतर किती गॅरेजांत पाहिलं की कुणी पाळत नाही! बटण त्यांनी सगळ्यात मऊ बाजूला नेऊन तिथून दोन टिक पुढं ठेवलं. सोमवारी तळेगावात अलाइनमेंट केली, कारण शॉकअपचे बोल्ट सुटले की चाकाचा कल बदलतो आणि टायर आतल्या कडेनं झिजतो. शंभर किलोमीटर झाल्यावर सगळे नट पुन्हा आवळले. पुढच्या खेपेला दवाखान्यातून येताना कामशेतच्या खिंडीत आई म्हणाली, "आज गाडी शहाण्यासारखी चालली."

मी पाकिटात पैसे घालून आबांकडे गेलो. त्यांनी पाकीट उघडलंही नाही. "दोन दिवस झाले. आवणीला दोन दिवस या."

मावळात भाताची आवणी एकट्या घराला होत नाही. आज माझ्या खाचरात सगळे, उद्या तुझ्या. जितके दिवस तू माझ्याकडे आलास तितके दिवस मी तुझ्याकडे. याला सावड म्हणतात. तिच्यात पैसा येत नाही आणि हिशेब कुणी लिहीत नाही, पण विसरतही नाही. पगारी माणसाला, भाडेकरूला सावडीत धरत नाहीत. आबांनी मला धरलं.

जुलैत मी दोन दिवस गेलो. इरलं पाठीवर, गुडघाभर चिखल, समोर आबांची सून आणि गावातल्या बायका ओळीत मागं सरकत रोप लावत चाललेल्या. मला रोपाच्या मुठी बांधावरून टाकायचं काम दिलं. रोप इंद्रायणीचं होतं. वडगावच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेलं हे वाण 1987 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आलं आणि आबांनी ते पहिल्या काही वर्षांतच लावायला घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी कंबर इतकी धरली की आईनं मला शेक दिला. दिवाळीत आबांच्या घरून पायलीभर नवा तांदूळ आला. सावडीत तांदूळ द्यायचा नसतो. तो त्यांनी आईसाठी पाठवला होता.

2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, असं न्यायालयानं स्पष्ट केलं. निकाल केरळातल्या गाड्यांवरून होता. आमची उंची तर मुळाबरहुकूम होती. तरी मी आबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, शंका ठेवून गाडी चालवायची नाही. मी कंपनीचे नवे शॉकअप आणि स्प्रिंगा आणल्या. एप्रिलमधल्या एका रविवारी त्याच पडवीपुढं, भिंतीवरच्या फिकट झालेल्या त्याच चार आकड्यांसमोर आम्ही संच उतरवला. आता आबांना बादलीवर बसवत नव्हतं, खुर्ची लागत होती. स्प्रिंगेचे आकडे मी समोरासमोर लावले, गोणपाट न मागता आणलं, आणि बाजूला बसून नट सोडला. आबांनी मान हलवली. आटे स्वच्छ होते. तीन पावसाळे मी धुतले होते.

तो एक दिवस माझ्याकडे राहिला. त्या जुलैत आई दवाखान्यात होती, मी आवणीला जाऊ शकलो नाही. पुढच्या पावसाच्या आधीच आबा गेले. टाळेबंदी होती, मातीला दहा-बारा माणसं होती, त्यांत मी होतो. मग आम्ही तळेगावला राहायला आलो. मला वाटत राहिलं की ज्याचं देणं तोच गेला, आता कुठल्या तोंडानं बांधावर उभं राहायचं? हे चुकलंच माझं. मागच्या महिन्यात आबांची सून कामशेतच्या बाजारात भेटली. आईची चौकशी केली. मी अडखळत त्या राहिलेल्या दिवसाचं बोललो. ती म्हणाली, "सावड घराशी असते भाऊ, एकट्या माणसाशी न्हाय. आमच्याकडं धरून ठेवलाय की तुमचा दिवस."

त्यांच्या दोन घोड्या अजून माझ्याकडे आहेत, त्याही नेतोय. राब चांगला आलाय, पाऊस वेळेवर लागलाय. तिला निरोप दिला आहे की येत्या रविवारी सकाळी सातला पोचतो, मुठी टाकायला एक माणूस धरा.