पाणी उपसणारा टँकर

आखातात हवामानाचा इशारा म्हणजे बहुतेक वेळा धुकं, नाहीतर धूळ. १५ एप्रिल २०२४ ला मोबाइलवर आला तो पावसाचा. दुसऱ्या दिवशीची शाळाही ऑनलाइन झाली. शारजात अल मजाज भागात आमचं बिऱ्हाड. मी लातूरचा, आमच्याकडे इशारा येतो आणि ढग पुढे निघून जातात, त्यामुळे मी निवांत. बायको नांदेडची. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की गोदावरी कुठपर्यंत चढते, हे बघत वाढलेली. तिनं मला तळघरातून गाडी काढून जवळच्या बहुमजली पार्किंगमध्ये वर नेऊन लावायला लावली. "अहो, पाण्याचं काही सांगता येत नाही," एवढंच म्हणाली. गाडी वाचली ती नांदेडमुळे.

मंगळवारी दिवसभर कोसळत राहिला. आभाळ मध्येच हिरवट झालं. गारा पडायच्या आधी मराठवाड्यातलं आभाळ काळंनिळं होतं, ते ठाऊक होतं. हा रंग नवीन होता. वाळवंटाची जमीन पाणी पिऊन टाकेल म्हणावं, तर शहराखाली वाळू उघडी कुठं आहे? सगळं डांबर आणि सिमेंट. पावसाचं पाणी वाहून नेणारी गटारं अनेक रस्त्यांना नव्हती. पाऊसच पडत नाही तिथं त्यावर खर्च कोण करणार! दुबई विमानतळावर अख्ख्या वर्षात सरासरी ९५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्याच्या दीडपट एका दिवसात पडला. अल ऐनकडे खत्म अल शकला इथं तर २४ तासांच्या आत २५४ मिलिमीटर. १९४९ पासूनच्या नोंदींत असा पाऊस नाही. लातूरला वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पडतो, तोही पडला तर.

संध्याकाळी वीज गेली. तिच्यामागोमाग लिफ्ट आणि मग नळ. इमारतीचा पंप तळघरात आणि तळघर पाण्यात. खाली रस्त्यावर कमरेएवढं पाणी, वर तिसऱ्या मजल्यावर तोंड धुवायची पंचाईत.

इथून पुढे आमच्या घरात लातूरचा कायदा लागू झाला. दिवे गेल्या गेल्या मी बादल्या, पातेली, कुकर, होतं नव्हतं ते सगळं भरून घेतलं होतं. २०१६ चा उन्हाळा ज्यानं लातुरात काढला, त्याचा हात आपोआप नळाकडे जातो. मांजरा धरण कोरडं, पाणी भरण्याच्या ठिकाणी १४४ कलम, आणि १२ एप्रिलला मिरजेहून आलेली पहिली पाण्याची रेल्वे, ५ लाख लिटरची. त्या दिवसांत भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं संडासात जायचं. तेच मी शारजात सुरू केलं. पोरं वैतागली. तांदूळ धुतलेलं पाणी ओतायला निघालेल्या मुलीला अडवलं, तर तिनं खिडकीकडे बोट केलं, "बाबा, बाहेर बघा की किती आहे!"

बाहेरच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं होतं, वर तेलाचा तवंग. पिण्याच्या बाटल्या घेऊन कुणी कुणी तरुण त्या पाण्यातून रबरी बोटीनं यायचे. आम्ही दोरीला पिशवी बांधून खाली सोडायचो.

मग टँकर आले. रांगच्या रांग. ती बघून पोटात जुनी घाई उठली. घागर कुठाय, नंबर कितवा. पण हे टँकर रिकामे येत होते आणि भरून जात होते. जाडजूड पाइप रस्त्यावरच्या पाण्यात सोडायचे, घरघर करत ओढून घ्यायचे, भरला की दुसरा उभा. काही गल्ल्यांत आठवडा उलटला तरी हेच चालू. लातुरात टँकरवाला पाणी न देता निघून गेला तर भांडणं व्हायची. इथं तो पाणी घेऊन गेला की माणसं त्याला दुवा देत होती.

लातूरला फोन लागला तेव्हा दादाचा पहिला प्रश्न, "विमानानं पाडलाय म्हणं पाऊस? मग आपल्याकडं कामून पाडनात?"

जगभर तेव्हा हीच चर्चा. अमिरातीत कृत्रिम पावसाची विमानं नेहमी उडतात हे खरं, पण त्या वादळात उडवली नाहीत, असं इथल्या राष्ट्रीय हवामान केंद्रानं सांगितलं. उडवली असती तरी काय? आहे त्या ढगातून थोडं जास्त पाणी काढता येतं, एवढंच. ढगच नसेल तर वैमानिक काय करणार? लातूरकरानं तरी हे विचारू नये. २०१५ च्या ऑगस्टात औरंगाबादहून अशीच विमानं मराठवाड्यावर उडाली होती, आणि पुढच्या एप्रिलात रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ती रेल्वे बघायला दादा स्वतः स्टेशनावर गेला होता. त्याला आठवण करून दिली, तर म्हणाला, "ते जाऊ दे. भरलेले टँकर ओतायलेत कुठं, ते सांग."

जूनमध्ये दुबईनं पावसाचं पाणी वाहून नेण्यासाठी ३० अब्ज दिरहमचा प्रकल्प जाहीर केला, 'तसरीफ' नावाचा. बातमी मी मोठ्यानं वाचून दाखवली. बायको म्हणाली, "ते होईल तेव्हा होईल. आपल्या बिल्डिंगचा पंप आधी तळघरातून वर घ्या म्हणावं." पंप अजून तळघरातच आहे.