ऐकणारं माणूस

‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्द आमच्या अकबर मोहल्ल्यात २०२० च्या मार्चमध्ये आला. काम मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या घरांत चालत होतं. ब्लाउज शिवणं, साड्यांना पिको-फॉल, गोधड्या, शेवया, लोणची. बायका हे सगळं घरी बसून करत आल्या आणि त्यांची मुलं त्याच मशीनशेजारी बसून पाढे म्हणत मोठी झाली. त्यामुळे हाताला काम असताना मुलांचा अभ्यास घेणं हे आपल्या घरांना नवीन नव्हतं. नवीन होती ती शाळा. कालपर्यंत ती दोन गल्ल्या सोडून पुढे होती, आता ती फोनमध्ये आली.

मी एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते. लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्यांची, लहान दुकानदारांची बिलं संगणकावर चढवायची आणि जीएसटीचं रिटर्न भरायचं, हे माझं काम. ऑफिस बंद झालं तसा तिथला संगणक घरी आला आणि कपाटाशेजारच्या टेबलावर बसला. माझे मिस्टर शिरोलीच्या एका फाउंड्रीत आहेत. ती आधी बंद होती, नंतर अर्ध्या माणसांवर सुरू झाली. घरात स्मार्टफोन दोन. एक त्यांच्याबरोबर जाणार, दुसरा माझा. त्याच फोनवर व्यापाऱ्यांचे कॉल, ओटीपी, बिलांचे फोटो आणि त्याच फोनवर लेकीची तिसरीची शाळा.

त्या दोन वर्षांचा हिशेब आज मांडला तर पोटात गोळा येतो. नववी ते बारावीचे वर्ग २०२० च्या नोव्हेंबरमध्ये उघडायला लागले, पाचवी ते आठवीचे पुढच्या जानेवारीत. पहिली ते चौथीची मुलं घरीच राहिली. २०२१ च्या एप्रिलमध्ये सरकारने पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेशिवाय वरच्या वर्गात घातलं. माझी लेक तिसरीच्या बाकावर एकही दिवस न बसता चौथीत गेली. शाळेची पायरी ती पुन्हा चढली २०२१ च्या डिसेंबरमध्ये.

फोनवरचा तास चाळीस मिनिटांचा. बाईंचं कौतुकच करायला हवं. एका गटात पन्नास-साठ मुलं, कुणाचा आवाज येत नाही, कुणाचा फोन वडिलांबरोबर गेलेला. तरी त्या रोज शिकवत होत्या. मुलांनी सकाळी ‘हजर’ असं टाकायचं, फळ्यावरचं उतरवून घ्यायचं आणि संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो पाठवायचा. लेकीची हजेरी पूर्ण होती. अक्षर मोत्यासारखं होतं. रोज अंगठा वर केलेलं चित्र यायचं.

एका संध्याकाळी दादी, म्हणजे माझ्या सासूबाई, मशीनवर बसल्या होत्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. हात मशीनवर ठेवून त्यांनी सहज विचारलं, “आज काय शिकलीस? सबक सुना.” लेकीने वही पुढे केली. दादी म्हणाल्या, “वही नको. वाचून दाखव.” तिने स्वतःच्या हाताने सुंदर अक्षरात लिहिलेलं ते पान तिला वाचता येईना. जोडाक्षर आलं की ती थांबायची, माझ्याकडे बघायची, मग अंदाजाने काहीतरी म्हणायची. ती अक्षरांची चित्रं काढत होती.

आपल्या घरांत याला आणखी एक कारण असतं. आम्ही घरात दखनी बोलतो आणि मुलं मराठी शाळेत जातात. मराठी तिच्या कानावर पडायची ती वर्गात, मैदानावर, मैत्रिणींबरोबर डबा खाताना. शाळा बंद झाली तशी तिची मराठीही बंद झाली. दिवसाकाठी चाळीस मिनिटं, तीही तुटक आवाजात, एवढीच काय ती उरली. गणित मागे पडलं तर पुढे भरून काढता येतं. पण ज्या भाषेत गणित, परिसर आणि पुढे सगळंच शिकायचं, तीच हातची गेली तर मूल वर्गात बसूनही वर्गाबाहेरच राहतं. मोहल्ल्यातली किती मुलं अशी सातवी-आठवीत गळतात, हे आपण बघतोच.

त्या वेळी शासनाच्या बाजूने काही होत नव्हतं असं नाही. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. घरातल्या वस्तू घेऊन मुलांनी करून बघायचं, असा तिचा रोख होता. त्याच महिन्यात केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ सूचना आल्या. लहान वर्गांसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोनच ऑनलाइन तासिका असाव्यात, असं त्यांत म्हटलं होतं. डोळ्यांच्या दृष्टीने ते योग्यच होतं. पण दोन्ही मिळून जास्तीत जास्त दीड तास होतो. बाकीचा सगळा दिवस घराचा. आणि घरात मी, महिन्याच्या वीस तारखेच्या धास्तीत, संगणकासमोर.

मग आम्ही दिवस बांधून घेतला. त्यासाठी घड्याळापेक्षा अजान उपयोगी पडली. मशिदीत जमायला बंदी होती, पण नमाजच्या वेळा घरात होत्याच. फजरनंतर आठपर्यंत माझं काम. तेव्हा फोन वाजत नाही, नेट चांगलं चालतं आणि आकड्यांत चूक होत नाही. साडेदहा ते बारा फोन लेकीचा. ऑफिसच्या साहेबांना तसं स्पष्ट सांगितलं आणि त्यांनी मानलं. व्यापाऱ्यांना बारानंतरच कॉल करा म्हणून कळवलं, पंधरा दिवसांत तेही सवयीचे झाले. जोहरनंतर पुन्हा माझं काम. आणि असर ते मगरिब ही वेळ दादीची.

दादीची पद्धत साधी. लेकीने बालभारतीचं पुस्तक घेऊन मशीनशेजारी बसायचं आणि मोठ्याने वाचायचं. मराठीत वाचायचं, मग पुस्तक मिटून दखनीत सांगायचं. “क्या समझा तेरेकू, बोल.” एवढं एक वाक्य त्या रोज बोलायच्या. कळलं नसेल तर सांगता येत नाही, तिथे पाठांतर चालत नाही. एखाद्या शब्दाचा अर्थ दादीलाही यायचा नाही. तेव्हा लेक तो शब्द एका कागदावर लिहून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तासाला बाईंना विचारायची. कागद घेऊन तासाला बसलेलं मूल नुसतं ‘हजर’ राहत नाही.

मदरशात लहानपणी आपण हेच केलं आहे. सबक पाठ झाला एवढ्याने भागत नाही, तो कुणाला तरी ऐकवावा लागतो. समोर उस्ताद मान डोलावत बसलेले असतात आणि चूक झाली की मान थांबते. दादीचं मशीन तसंच थांबायचं. लेक अडखळली की टाका थांबे. तिने परत वाचलं, बरोबर आलं, की चाक पुन्हा फिरे. त्यांनी तिला एकदाही रागावून चूक दाखवली नाही.

गणितही मशीनवरच झालं. पाव मीटर, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे तिने दादीच्या टेपवर शिकलं. आठवड्यात किती साड्यांना फॉल लागले आणि पैसे किती व्हायला हवेत, याचा हिशेब तीच वहीत मांडायची. माझ्याही कामात तिला घेतलं. छोट्या बिलांचे आकडे ती मोठ्याने वाचायची आणि मी संगणकावर भरायची. माझं काम लवकर होई आणि तिची मोठी संख्या वाचायची भीती गेली.

शेजारी एक रिक्षावाले राहतात. रिक्षा बंद, फोन एकच, आणि तो मोठ्या मुलाच्या नववीसाठी ठेवलेला. धाकटी मुलगी दुसरीत. तिची शाळा घरात कुणी मोजतच नव्हतं. दादीने तिच्या आईला बोलावून सांगितलं, “फोन राहू दे, पुस्तक तर मिळालंय ना? तिला असरनंतर पाठव.” पुस्तक होतंच, शाळेतून मोफत आलेलं. ती आली, तोंडावर रुमाल बांधून पायरीवर बसली. नंतर समोरच्या घरातले दोघे भाऊ आले. चार मुलं, अंतर ठेवून, आळीपाळीने वाचू लागली. एकाने वाचायचं, तिघांनी चूक पकडायची.

ते बघताना मला दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग आठवायचं. १९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी पुढाकार घेऊन ते उभं केलं. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. पण दंडाच्या आधी अकरा वर्षं त्यांनी बोर्डिंग काढलं होतं. खेड्यातून आलेल्या मुलाला शिकायचं तर आधी बसायला जागा, पोटाला भाकरी आणि सोबतीला चार मुलं हवीत, हे त्यांनी ओळखलं होतं. लॉकडाऊनमध्ये आपण सगळे फोन कुठून आणायचा याच विवंचनेत होतो. फोन लागतोच, पण जागा, वेळ आणि सोबत नसेल तर फोन असूनही मूल एकटं पडतं.

२०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेला पूर आला. शिरोलीचा रस्ता बंद, नळाला पाणी नाही, वीज गेलेली, फोनचं चार्जिंग संपलेलं. ऑनलाइन शाळा आपोआप थांबली. दादीचं मोटरवर चालणारं मशीनही थांबलं. संध्याकाळचं वाचन मात्र चालू राहिलं, दिवस मावळेपर्यंत, दारातल्या उजेडात.

डिसेंबरमध्ये शाळा उघडली. बाईंनी एकेकाला उभं करून वाचायला लावलं. लेकीने पान वाचलं. सावकाश वाचलं, दोन ठिकाणी अडखळली, पण काय वाचलं ते तिने स्वतःच्या शब्दांत सांगितलं. रिक्षावाल्यांची मुलगीही आपल्या वर्गात वाचू लागली. सगळ्यांचं असं झालं नाही. आमच्याच गल्लीतला सहावीतला एक हुशार मुलगा त्या काळात गॅरेजवर जाऊ लागला, तो परत शाळेत आला नाही. त्याची आई भेटली की अजून डोळे पुसते.

हे सगळं आता कशाला, असं कुणी विचारेल. शाळा भरतात, पण फोन शाळेतून गेलेला नाही. गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो, उत्तरं व्हिडिओत मिळतात. अतिवृष्टीची सुट्टी पडली की पुन्हा ऑनलाइन तास होतात. आणि घरी बसून काम करणाऱ्या आपल्या बहिणी पूर्वीपेक्षा वाढल्या आहेत. कुणी शिलाई करते, कुणी केक, कुणी माझ्यासारखी संगणकावर बसते. “मला शिकवायला वेळ नाही” किंवा “मला इंग्रजी येत नाही, मी काय घेणार?” हे मी रोज ऐकते.

बहिणींनो, शिकवायला बाई आहेत, सर आहेत. आपल्याकडून मुलाला हवा आहे तो एक कान. कणीक मळताना, टाका घालताना, दुकानाची उधारी लिहिताना तो देता येतो. फोनमध्ये वहीचा फोटो गेला का, एवढ्यावर थांबू नका. रोज एक ठरलेली वेळ ठेवा. पुस्तक मोठ्याने वाचून घ्या, मग मिटायला लावा आणि घरच्या बोलीत सांगायला लावा. घरात वडीलधारं माणूस असेल तर ही वेळ त्यांना द्या, त्यांनाही बरं वाटेल. शेजारचं एखादं मूल बसवता आलं तर नक्की बसवा.

आमची लेक आता माध्यमिक शाळेत आहे. दादींना हल्ली सुई ओवता येत नाही, ती ओवून द्यायला लेक रोज असरनंतर त्यांच्याजवळ बसते. त्या विचारतात, आणि ती त्यांना विज्ञानाचा धडा दखनीत सांगते.